सोयाबीनच्या मेणाची मेणबत्ती

मेणबत्ती करणे हा हस्तव्यवसाय सोपा आहे. परंतु त्यात विस्तवाशी गाठ असल्याने त्यामागील कारणे शिक्षकांनी आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

नेहमीचे पॅराफिन मेण खनिज तेलापासून मिळते. मराठवाडा व विदर्भातील मुलांच्या परिचयाच्या सोयाबीनचे तेल हायड्रोजनच्या संयोगाने घट्ट केले म्हणजे सोयाबीनचे मेण होते. ते सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळते व मऊ असते. म्हणून ते जाड काचेच्या पेल्यात किंवा पत्र्याच्या डबीतच ओततात.

मेणाचे भांडे प्रत्यक्ष विस्तवावर कदापि ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाही, त्यामुळे मेण पेटण्याइतके तापत नाही. पेल्याच्या मध्यभागी सुती वात काडीला बांधून ताठ धरावी, मेण किंचित निवल्यावर ओतावे व दिवसभर हलवू नये. वात सुमारे ६ मिलिमीटर राखून कापावी. लांब वात काजळी धरते.

मेण पेटलेच, तर पाणी ओतू नये. त्याची तत्क्षणी वाफ होऊन जळते मेण चौफेर उडते. विस्तव बंद करून भांड्यावर झाकण घालावे. वितळविणे व ओतणे शिक्षकांनीच करावे. वाती बांधणे मुलांकडे द्यावे.

शेवटी शिक्षकांनी मेणबत्ती विझवून वर जाणाऱ्या धुरास पेटती काडी लावावी. ज्योत धुरातून उतरून वात पुन्हा पेटविते. जळते ते मेणाची वाफ, हे मुलांना त्यावरून प्रत्यक्ष उमगते.