‘तीच तांबडी गोळी द्या!’

किराणा मालाच्या दुकानांत येणारें गिऱ्हाईक काय मागेल, हें बहुधा आधींच सांगतां येतें. त्याला गूळ हवा असतो. तो गूळ ओळखतो, आणि घरीं नेल्यावर त्याचें काय करावयाचें हेंहि त्याला ठाऊक असतें. औषधांच्या दुकानाची गोष्ट निराळी आहे. येथें मागणारास वस्तूचें नांव नीट येत नाहीं, ती शरीरांत जाऊन काय करते याची त्याला कल्पना नसते, आणि पुष्कळदां ती ज्याच्या पोटांत जावयाची तो मनुष्य दुकानांत आलेलाच नसतो. अशा तिहेरी अंधारांतून ज्या मागण्या जन्मास येतात, त्या ऐकून नवख्याला हसूं आवरत नाहीं. आम्ही पुष्कळ वर्षें या व्यवसायांत आहों. प्रारंभीं आम्हांलाहि हसूं येत असे. पुढें पुढें मात्र असें दिसून आलें कीं, विचित्र मागणी ही बहुधा अर्धीच सांगितलेली हकीकत असते. उरलेली अर्धी बाहेर काढण्यास एकच लहानसा प्रश्न पुरतो: “औषध कोणासाठीं हवें आहे?”

प्रथम निरुपद्रवी मासले पाहूं. “डॉक्टर नेहमीं देतात तीच तांबडी गोळी द्या,” असें सांगणारें गिऱ्हाईक रोज एक तरी येतें. आमच्या फळ्यांवर तांबड्या गोळ्या पुष्कळ आहेत. कोणी रक्तवाढीची, कोणी अंगदुखीवरची, तर कोणी हृदयविकाराची. एकच औषध एका कंपनीचें तांबडें, तर दुसरीचें पांढरें असतें. कोणी कात्रीनें कापलेला पट्टीचा तुकडा पुढें करतो, आणि त्यावर नांवाचीं शेवटचीं दोन अक्षरें काय तीं उरलेलीं असतात. कोणी मोबाइलवर चिठ्ठीचें चित्र दाखवितो, पण चित्रांतून नेमकी औषधांची ओळच निसटलेली असते. एका आजीबाईंना “जोराची पण गरम न पडणारी” गोळी हवी असते, तर एका गृहस्थांना “झोप येईल पण संवय लागणार नाहीं” अशी. एखादा विद्यार्थी एकच गोळी मागतो. ती देतांना आम्ही, पट्टीच्या ज्या टोकाला औषधाची मुदत छापलेली असते तें टोक शेवटपर्यंत राखून ठेवतों. कारण तें आधीं कापलें गेलें तर उरलेल्या गोळ्या केव्हां निरुपयोगी होतील, हें आम्हांलाहि सांगतां यावयाचें नाहीं.

या मागण्यांत हंसण्यासारखें पुष्कळ आहे, पण त्यांच्या पाठोपाठ ज्या येतात त्यांत नाहीं. “चिठ्ठींत पांच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहिल्या आहेत, पण दोनच दिवसांच्या द्या, ताप दोन दिवसांत उतरतो,” ही मागणी सुशिक्षित घरांतूनहि नित्य येते. काटकसर हा मध्यम वर्गाचा गुण खरा, पण तो येथें उपयोगी पडत नाहीं. मात्रा अपुरी पडली म्हणजे दुबळे जंतु आधीं मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांचीच प्रजा पुढें वाढते आणि त्या औषधाला ती दाद देत नाहीं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या भाषणांत हाच धोका एका कल्पित कथेच्या रूपानें सांगितला होता. घसा दुखणारा एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो. जंतु मरतील इतकें तो घेत नाहीं, पण जंतु शहाणे होतील इतकें मात्र घेतो. पुढें त्याच्या पत्नीला त्याच जंतूंपासून न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाहीं आणि ती दगावते. या कथेंत चूक करणारा एक आणि भोगणारी दुसरी आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. एकत्र कुटुंबांत तर असें घडणें अगदीं सोपें. थोरल्याच्या उरलेल्या गोळ्या डब्यांत राहतात, आणि पुढच्या पावसाळ्यांत धाकट्याला पडसें झालें कीं त्या बाहेर निघतात. पडसें बहुधा विषाणूंमुळें होतें. त्यावर या गोळ्यांचा कांहींच उपयोग होत नाहीं. १ मार्च २०१४ पासून कांहीं अँटिबायोटिकें आणि संवय लावणारीं औषधें ‘एच-१’ या परिशिष्टांत घातलीं आहेत. तीं देतांना डॉक्टरांचें व रोग्याचें नांव वहींत लिहून ती वही आम्हांला तीन वर्षें जपावी लागते. “एवढी चौकशी कशाला?” म्हणून कित्येक गिऱ्हाइकें रागावतात, पण ‘कोणासाठीं’ हा आमचा प्रश्न आतां कायद्यानेंहि विचारावयास लावला आहे.

दुसरी मागणी सणावाराच्या तोंडावर येते, व ती हळू आवाजांत येते. गौरी-गणपती, मंगळागौर, मुंज किंवा लग्न जवळ आलें कीं एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घडी केलेला कागद पुढें सरकवतो आणि म्हणतो, “काका, आजीनें हें मागितलंय.” कागदावर पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्यांचें नांव असतें. आम्ही विचारतों, “कोणासाठीं?” मुलगा लाजतो, त्याला माहीत नसतें. कधीं त्या वहिनीसाठीं असतात, कधीं आत्यासाठीं, तर कधीं नुकत्याच न्हाण आलेल्या बहिणीसाठीं. सोवळें पाळावें कीं पाळूं नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि त्यांत दुकानदारानें तोंड घालण्याचें कारण नाहीं. परंतु या गोळ्या म्हणजे पेपरमिंटच्या वड्या नव्हेत. नॉरएथिस्टेरॉन हें त्यांतील औषध संप्रेरकाच्या जातीचें आहे. जिच्या पायाच्या शिरेंत किंवा फुप्फुसांत पूर्वीं रक्ताची गांठ झाली असेल, जिला यकृताचा विकार असेल, किंवा जिला दिवस गेल्याचा संशय असेल, तिनें तें डॉक्टरांना विचारल्यावांचून घेणें धोक्याचें आहे. आतां पाहा: कार्याची तारीख सासूबाईंनीं ठरविलेली, कागद आजीनें लिहिलेला, पैसे मुलाच्या हातीं, आणि जिच्या शरीरांत औषध जावयाचें तिला कोणीं विचारलेंच आहे असें नाहीं. अशा वेळीं आम्ही गोळ्या न देतां मुलाजवळ निरोप देतों कीं, जिला घ्यावयाच्या आहेत तिनें स्वतः फोनवर दोन शब्द बोलावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. कांहीं घरांतून फोन येतो. कांहीं घरांतून तो मुलगा आमच्या डोळ्यांदेखत समोरच्या दुकानांत जातो.

तिसरी मागणी ऐकून मन गलबलतें. एखादी माउली येऊन म्हणते, “ह्यांच्या चहांत मिसळतां येईल असें दारू सोडविण्याचें औषध द्या, ह्यांना कळतां कामा नये.” डायसल्फिरम नांवाचें औषध त्या कामीं डॉक्टर वापरतात खरें, परंतु तें घेणारास पूर्ण कल्पना देऊन व त्याची संमति घेऊन. कारण तें पोटांत असतांना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो आणि क्वचित् प्राणावरहि बेततें. ज्याला ठाऊकच नाहीं, तो त्या दिवशीं दारू वर्ज्य कशी करणार? अशा बाईस नुसतें ‘नाहीं’ म्हणून परत पाठविणें हें आम्हांला निष्ठुरपणाचें वाटतें. तिला आम्ही बसवून घेतों, धोका समजावून सांगतों, आणि सरकारी रुग्णालयांतील मनोविकार विभागांत व्यसनावर उपचार होतात हें कागदावर लिहून देतों.

चौथी मागणी इतकी साधी कीं, ती विचित्र आहे हेंहि पुष्कळांच्या ध्यानांत आलें नाहीं. “डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनच्या दहा मोठ्या बाटल्या द्या,” असें कोणी म्हणाल्यास, ‘एवढें अंग कोणाचें दुखतें?’ असा विचार मनांत यावयास हवा होता. अंग गाईचें दुखत असे! औषध दिलेलें जनावर मेलें, आणि त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें, कीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनावरून हें कारण उघडकीस आलें. १९९२ ते २००७ या काळांत आपल्या देशांतील पांढऱ्या पुठ्ठ्याचीं गिधाडें हजारांत एखादेंच उरावें इतकीं घटलीं. मुंबईंत मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दोखम्यांत गिधाडें येईनाशीं झाल्यामुळें सूर्याचे किरण एकवटणारीं यंत्रें बसवावीं लागलीं. २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बनविण्यास बंदी झाली. तेव्हां माणसांसाठीं बनविलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जाऊं लागल्या. अखेर २०१५ सालीं माणसांच्या औषधाची बाटलीहि एकाच मात्रेची, म्हणजे ३ मिलिलिटरची, असावी असें ठरवावें लागलें. वास्तविक मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस अपाय न करणारें औषध गुरांसाठीं उपलब्ध होतें. दुकानादुकानांतून ‘कोणासाठीं?’ असें विचारलें गेलें असतें, तर तें गिऱ्हाइकाला तेथल्या तेथें सुचवितां आलें असतें.

या सर्व मागण्यांत मागणारा दुष्ट नसतो. कोणाला पैसे वांचवावयाचे असतात, कोणाला कार्य निर्विघ्न पार पाडावयाचें असतें, कोणाला संसार, तर कोणाला गाय वांचवावयाची असते. गरज खरी असते; तिच्यावरचा उपाय मात्र ऐकीव असतो. म्हणून अशा मागणीला हसणारा दुकानदार आणि मुकाट्यानें माल देऊन पैसे गल्ल्यांत टाकणारा दुकानदार, हे दोघेहि आमच्या मतें सारखेच निरुपयोगी होत. औषधाचा व्यवसाय नोंदणी झालेल्या माणसानेंच करावा, म्हणून १९४८ सालीं स्वतंत्र कायदा झाला, आणि गिऱ्हाइकाला औषधाविषयीं समजावून सांगणें हें त्याचें कर्तव्य म्हणून २०१५ च्या नियमांत नमूद झालें. तें कर्तव्य बजावण्यास वाचकांचें थोडें साह्य हवें.

तें साह्य असें. संपलेल्या औषधाची पट्टी फेकूं नये. नांव व मात्रा दिसेल असा तिचा भाग दुकानांत आणावा. चिठ्ठीचें चित्र काढल्यास तें वरपासून खालपर्यंत पुरें काढावें. घरांतील वडील माणसें रोज कोणतीं औषधें घेतात याची यादी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरांत लावावी, आणि नवें औषध आणतांना ती बरोबर द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असतां वेदनाशामक गोळी तिच्या जोडीला गेली, तर पोटांत रक्तस्राव होण्याचा संभव असतो. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊं नयेत. आणि मुलाला औषध आणावयास पाठविलें, तर तें घरांतील कोणासाठीं आहे व त्या व्यक्तीचें वय किती आहे, हें चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पाठवावें. म्हणजे आम्हांला त्या मुलाला लाजवावें लागणार नाहीं.