काठावरचा चारा

सकाळचे साडेसहा. कॉव्हेंट्रीतल्या घरी शनिवारची सुरुवात पेलेट भिजवण्यानं होते. गळाला लावायचे एक्सपांडर पेलेट आतून पोकळ, हवेनं भरलेले. तसेच पाण्यात टाकले तर तरंगतात. म्हणून ते पाण्यासकट पंपाच्या नळकांड्यात भरायचे आणि दट्ट्या मागे ओढायचा. दाण्यांतून बारीक बुडबुड्यांची धार सुटते. दट्ट्या सोडला की हवेच्या जागी पाणी शिरतं आणि दाणे एकेक करून तळाशी बसतात. बोटांत दाबून बघायचे: गळ आत सहज गेला पाहिजे, पण दाणा फुटता कामा नये. चारा म्हणून टाकायचे दोन मिलिमीटरचे बारीक पेलेट वेगळे. ते जेमतेम भिजवायचे, पाणी निथळायचं आणि डब्यात झाकून ठेवायचे. सोबत गोड मक्याचे दाणे आणि एक पाइंट जिवंत अळ्या.

या कामाला मी घाई करत नाही. कार्पची स्पर्धा गळानं जिंकतात असं बघणाऱ्याला वाटतं. माझ्या मते ती चाऱ्यानं जिंकली जाते. किती टाकला, कुठे टाकला आणि मुख्य म्हणजे हात कधी आखडता घेतला, यावर सगळं ठरतं.

सव्वाआठला तलावावर. इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये असे तलाव गावोगाव आहेत, बहुतेक शेतजमिनीत खणलेले आणि मासे सोडून वाढवलेले. श्रूलीचं टनेल बार्न फार्म किंवा स्टोअरपोर्टजवळचं लारफर्ड ही त्यातली मोठी नावं. आमचा तलाव त्यांच्यापुढे लहान. 1878 च्या कायद्यानं 15 मार्च ते 15 जून या काळात कार्प, ब्रीम, रोच, टेंच अशा माशांच्या गळमासेमारीला बंदी आली. नद्यांवर ती आजही आहे. 1995 मध्ये बहुतेक तलावांना तिच्यातून सूट मिळाली आणि इथल्या स्पर्धा बारमाही झाल्या. मासे खाण्यासाठी धरायचे नाहीत, सगळे जिवंत परत पाण्यात सोडायचे, हा नियम कुणाला सांगावा लागत नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. मासा घरी आणायचा नाही हे आईला अजून पटलेलं नाही.

कॅफेत अंडं-बेकनचे पाव, चहा आणि पिशवीतल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे बसायची जागा, तिला पेग म्हणतात. कोपऱ्याचा पेग सगळ्यांना हवा असतो, कारण एका बाजूला शेजारी नसतो आणि बिथरलेले मासे तिकडे सरकतात. माझ्या हाताला चौदा लागला. कोपरा नाही, पण नैर्ऋत्येचं उबदार वारं थेट त्याच काठावर येतंय. सप्टेंबरात कार्प अशा वाऱ्यामागे येतो. चिठ्ठी खिशात घालताना मनातून मी खूश होते.

नऊ ते दहा हा तास मला सगळ्यात प्रिय. बसायची पेटी पातळीत लावायची, पोलचे तुकडे जोडायचे. पोल म्हणजे कार्बनची लांब दांडी. तिला रीळ नसतं. टोकाच्या पोकळ भागातून इलॅस्टिक ओवलेलं असतं आणि माशाची ओढ तेच झेलतं. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली पोल न्यायचा नाही अशी पाटी वाटेतच आहे. गळाला उलटा काटा चालत नाही; बिनकाट्याचा गळ माशाच्या ओठातून अलगद निघतो. कीपनेट, म्हणजे पकडलेले मासे ठेवायची लांब जाळी, तलावाचीच वापरायची. बाहेरच्या ओल्या जाळ्यांतून रोग येतात, आणि कोई हर्पिससारखा विषाणू तलावच्या तलाव रिकामा करू शकतो.

मग ओळंबा. गवंड्याच्या ओळंब्यासारखंच हेही एक छोटं वजन. ते गळाला अडकवून रिग, म्हणजे फ्लोट आणि गळ लावलेला दोरा, पाण्यात सोडायचा. फ्लोट बुडाला तर पाणी खोल, आडवा पडला तर उथळ. फ्लोट दोऱ्यावर वरखाली सरकवत त्याचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील असं करायचं, आणि ती खोली पोलवर पांढऱ्या खुणेनं लिहून ठेवायची. समोर तेरा मीटरवर तळ सपाट लागतो. पाच मीटरवर तो उतरतो. तिथे चारा घरंगळेल, म्हणून मी अर्धा मीटर मागे येते. डाव्या काठाला, बोरूच्या बेटाशी, दोन फूट पाणी आणि तळ कडक. दुपारची जागा ठरली.

बरोबर दहाला शिटी. ‘ऑल इन!’

पहिला तास तेरा मीटरवर. पोलच्या टोकाच्या इवल्या कपात चिमूटभर पेलेट, त्यावर गळाचा एकच दाणा. कार्पला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, त्यामुळे तो थोडं थोडं पण सतत खातो. चाराही तसाच द्यायचा, थोडा आणि पुन्हा पुन्हा. साडेदहाला फ्लोट ठिपक्याएवढा खाली जातो, मी मनगट उचलते आणि टोकातून पिवळं इलॅस्टिक सरसर बाहेर येतं. पोल मागे रोलरवर सरकवायचा, टॉप किटपाशी, म्हणजे टोकाच्या तुकड्यांपाशी, सुटा करायचा, इलॅस्टिक ओढून आखूड करायचं, मग हातजाळं. चार पौंडांचा सोनेरी कार्प. मानेवरच्या क्लिकरवर चार टिचक्या. एका जाळ्यात पन्नास पौंडांहून जास्त मासे ठेवायचे नाहीत, वरचं वजन धरत नाहीत. म्हणून हिशेब चोख लागतो.

अकरा ते एक फारसं काही घडत नाही. दोन ब्रीम, काही लहान कार्प, एक सँडविच.

खरी परीक्षा एक वाजता. मी काठाशी बोरूजवळ मोठा कप भरून पेलेट आणि मका ओतते, आणि तिकडे पाठ फिरवते. वीस मिनिटांनी पुन्हा एक कप. गळ अजून नाहीच. समोरच्या काठावरचा गडी एकामागून एक मासे काढतोय, आणि माझ्या उजव्या हाताला काठावर जायचे डोहाळे लागलेत. तरी जायचं नाही. पहिलाच आलेला कार्प ओढून काढला तर मागचे चार बिथरतात. त्यांना आधी बिनधास्त खाऊ द्यायचं. सकाळी उथळात यायला भिणारा मोठा मासा दुपार कलली की कडेला येतो, पण तिथलं खाणं सुरक्षित आहे अशी खात्री पटल्यावरच. ती खात्री चाराच देतो. उथळ पाण्यात मला ती डोळ्यांनी दिसते: आधी बोरूचा एक देठ हलतो, मग गढूळ पाण्याचा ढग उठतो, मग शेपटीचं टोक वर येतं.

सव्वादोन. दोन शेपट्या दिसल्या. आता गळ.

जाड इलॅस्टिक, मक्याचे दोन दाणे. फ्लोट टेकतोय न टेकतोय तोच गायब. सहा पौंड. पुढचा सात. मग तीन वेळा फ्लोट थरथरतो, मी उचलते आणि हाताला काहीच लागत नाही. मासे दोऱ्याला अंग घासून जातायत. याचा अर्थ जागेवर मासे जास्त झालेत, आणि माझा चारा पाण्यात उधळून मधल्या थरात तरंगतोय. अशा वेळी घाबरून आणखी चारा ओतणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी उलट करते. सैल पेलेट बंद. मूठभर ओला ग्राउंडबेट, म्हणजे भुकटीचा चारा, घट्ट दाबून त्याचा लाडू कपातून तळाशी ठेवते. तो जागेवरच फुटतो, मासे तोंड खाली करून खातात आणि फ्लोट पुन्हा खरा चावा दाखवू लागतो. शेवटच्या तासात दर माशामागे एक लाडू, एवढाच नेम. पहिल्या जाळ्याचा आकडा पंचेचाळीसला गेल्यावर दुसरं जाळं.

मधे एक हंसाची जोडी फ्लोटशेजारून गेली. पूर्वी दोऱ्यावरचे शिशाचे मणी गिळून हंस मरायचे, म्हणून 1987 मध्ये बहुतेक आकारांच्या शिशाच्या विक्रीवर बंदी आली. आता फक्त अगदी बारीक मणी चालतात. ती जोडी लांब जाईपर्यंत मी पोल उचलून धरला.

चारला शिटी. वजनकाटा पहिल्या पेगपासून निघतो. तिपाईवर काटा, खाली ओली झोळी, आणि शेजारच्या पेगवरचा माणूस साक्षीला. माझ्या आधीच्या पेगवर एकसष्ट पौंड. माझं पहिलं जाळं 47 पौंड 8 औंस, दुसरं 46 पौंड 14 औंस. एकूण 94 पौंड 6 औंस. झोळी पाण्यात तिरकी केली की मासे एका फटकाऱ्यात निघून जातात. लिहिणाऱ्या म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, “काठावर का?” मी हो म्हटलं.

कोपऱ्यावरच्या पेगनं 121 पौंडांनी स्पर्धा जिंकली. माझ्या सेक्शनचं, म्हणजे आमच्या बाजूच्या पेगांमधलं, बक्षिसाचं पाकीट मला मिळालं. पण मला पाकिटापेक्षा जिंकणाऱ्याचं उत्तर हवं होतं, म्हणून गाड्यांपाशी त्याला गाठून सरळ विचारलं, काठावर चारा कधीपासून टाकलास? इथे कुणी हातचं राखत नाही. त्यानं सांगितलं: साडेबारापासून, पण पेलेट नाहीच. नुसता ग्राउंडबेट आणि मेलेल्या अळ्या. जिवंत अळ्या मातीत शिरतात, मेलेल्या जागेवर पडून राहतात, आणि पाण्यात काही उधळत नाही. म्हणजे माझ्याकडे सव्वादोननंतर जो गोंधळ झाला तो त्याच्याकडे झालाच नाही. माझ्या डब्यात अर्धा पाइंट अळ्या उरल्यायत. हातजाळं धुऊन कुंपणावर वाळत घातलं. घरी गेले की अळ्या फ्रीझरमध्ये, पुढच्या शनिवारच्या काठासाठी.