किल्ल्या कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, सोयरीक जुळवताना आपण काय काय पाहतो! अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्ष निवडतो, तेव्हाही तसंच होत असावं. आपल्यात जे उणं, ते दुसऱ्यात शोधायचं. १९६० साली मॅसॅच्युसेट्सच्या तरुण केनेडींनी टेक्ससचे मुरब्बी जॉन्सन घेतले, ते दक्षिणेतल्या मतांसाठी. १९८४ मध्ये माँडेल यांनी जेराल्डिन फेरारोंना घेतलं. मोठ्या पक्षाने एका बाईला हा मान प्रथमच दिला, तरी ५० पैकी ४९ राज्यं हातची गेलीच!

पण खरी परीक्षा पुढेच असते. १९४५ साली रूझवेल्ट वारले आणि अवघे ८२ दिवस उपाध्यक्ष असलेल्या ट्रूमन यांच्यावर सगळा भार पडला. महायुद्ध चालू, आणि अणुबाँबची नीट माहितीसुद्धा त्यांना तोवर कुणी दिलेली नव्हती!

मला वाटतं, मतांचा हिशेब करावाच. पण आपल्यामागे घर कोण सांभाळील, हे आधी पाहावं. आणि ज्याच्या हाती किल्ल्या जायच्या, त्याला कपाटात काय आहे ते वेळीच सांगावं. विम्याचे कागद, बँकेची पासबुकं कुठे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? नसेल तर आज जेवणं आटोपली की विचारून घ्याच.