सावकारी पाश

सावकारी पाश : ग्रामीण कर्जबाजारीपणावरील एक महत्त्वाचा भारतीय मूकपट. निर्मिती कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची, प्रदर्शन १९२५. दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) व कथालेखक कादंबरीकार नारायण हरि आपटे (१८८९–१९७१). भारतीय चित्रपटातील वास्तववादी परंपरेचा प्रारंभ सामान्यतः या चित्रपटापासून मानला जातो.

विषयाची पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमधील शेतकरी सावकारी कर्जात खोलवर रुतला होता. सारा रोखीत भरावा लागे, पाऊस बेभरवशाचा आणि दस्तऐवज वाचता येण्याइतके शिक्षण नाही, अशा स्थितीत जमीन गहाण पडे व पुढे कोर्टाच्या हुकूमनाम्याने सावकाराच्या हाती जाई. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो लगतच्या भागांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या दप्तरांतील कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यातील आकड्यावरच न थांबता मूळ व्यवहाराची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. तरीही सावकारीचा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत कायम राहिला.

कथानक व सादरीकरण : कर्जापायी एका तरुण शेतकऱ्याची जमीन सावकार गिळंकृत करतो. निराधार झालेला शेतकरी गाव सोडून शहरात जातो व गिरणीत मजुरी करू लागतो. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी, तर सावकाराची झुंझारराव पवार यांनी केली होती. यातील अन्याय राक्षसाच्या वा परचक्राच्या रूपाने येत नाही. तो कायदेशीर व्यवहाराच्या वाटेने घरात शिरतो. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या काळात हे धाडसच होते. स्वतः पेंटर यांची ख्यातीही सैरंध्री (१९२०) व सिंहगड (१९२३) यांसारख्या चित्रपटांवर उभी होती. ते मुळात चित्रकार असल्याने छायाप्रकाशाची त्यांची जाण सूक्ष्म होती. मूकपटात संवाद पडद्यावरील पाट्यांपुरतेच मर्यादित असत. त्यामुळे आशयाचा बराचसा भार दृश्यांनाच वाहावा लागे.

समकालीन तुलना : याच सुमारास सोव्हिएट रशियातही धनसत्तेवर टीका करणारे मूकपट निघत होते, पण तेथे विनोदाचा मार्गही अवलंबिला गेला. याकोव्ह प्रोताझानोव्ह यांच्या तीस लाखांचा खटला (१९२६) या सुखात्मिकेत बँकमालक, प्रतिष्ठित दरोडेखोर व भुरटा चोर यांना एकमेकांशेजारी उभे करून भांडवलदारी समाजाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांची खिल्ली उडविली आहे. तेथे उपहासाचा विषय झालेली व्यवस्था त्या देशातून हटविली गेली होती, म्हणून तिला हसणे सोपे होते. सावकारी पाशमधील सावकार मात्र प्रेक्षकांच्या गावातच नांदत होता; त्यामुळे येथे उपहासाऐवजी करुण रसाचा अवलंब झाला, हे स्वाभाविक होय.

प्रतिसाद व परिणाम : अद्‌भुतरम्य कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाचे फारसे स्वागत केले नाही आणि पेंटर पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळले. तथापि त्यांनी हा विषय सोडला नाही. १९३६ मध्ये त्यांनी याच कथेवर त्याच नावाचा बोलपट काढला. शांताराम यांनी पुढे प्रभात फिल्म कंपनीत सामाजिक चित्रपटांची परंपरा रुजविली. त्यांपैकी कुंकू (१९३७) हा आपटे यांच्याच न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारलेला होता. जमीन हातची जाऊ नये म्हणून शहराची वाट धरणारा शेतकरी बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन (१९५३) मध्ये पुन्हा अवतरला. व्यावसायिक यश न मिळताही समकालीन जीवनातील अन्याय हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो, हे सावकारी पाशने प्रथम ठळकपणे दाखवून दिले. हेच त्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.