कॅसिनोत नशीब कुणाचं चालतं? पणजीच्या एका छोट्या कॅसिनोत दिसलेला धंद्याचा हिशेब



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "दादा, धंद्याला तीन लाख लागतात, जवळ दीड आहेत. उरलेले झटपट कुठून उभे करता येतील का?" या 'झटपट'मध्ये काय काय येतं ते तुम्हालाही माहीत आहे. कुणी मटका म्हणतं, कुणी मोबाइलवरचा गेम. आणि गोवा जवळ असल्यामुळे आमच्या कोल्हापूरकडची पोरं हळूच कॅसिनोचं नाव काढतात.

गेल्या हिवाळ्यात बॅचमधल्या चौघांबरोबर मी गोव्याला गेलो होतो. म्हापसा आणि पणजीच्या बाजारात माल बघायचा होता. संध्याकाळी हात मोकळे झाले, म्हणून पणजीतल्या एका हॉटेलातल्या छोट्या कॅसिनोत जाऊन बसलो. दोन-अडीच तास मी एकच गोष्ट बघत होतो, की हा धंदा चालतो कसा. आज तेच तुम्हाला सांगतो. तिथे जिंकायची युक्ती सापडत नाही, पण दुकान कसं चालवावं हे मात्र नीट दिसतं.

आधी जागा समजून घ्या

पणजीत मांडवीच्या काठाने रात्री चाललात तर पाण्यात दिव्यांनी लखलखणारी मोठी जहाजं दिसतात. ते मोठे कॅसिनो. छोटे कॅसिनो जमिनीवर, हॉटेलांच्या आत असतात. हा फरक कायद्याने पडला आहे. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ ला दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या खेळांना परवानगी मिळाली. पुढे १९९६ ला जहाजांवर पत्ते आणि टेबलवरच्या खेळांनाही वाट मोकळी झाली. म्हणून हॉटेलातल्या कॅसिनोत तुम्हाला मुख्यतः मशीन आणि स्क्रीन दिसतात.

दारात ओळखपत्र बघतात. २१ वर्षांखालच्याला प्रवेश नाही. आणि एक गोष्ट तर खास लक्षात ठेवा. २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जायला बंदी आहे. म्हणजे सरकार परवाना देतं, फी घेतं, पण आपल्या माणसाला आत सोडत नाही. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ चा एक कॅसिनो कायदा होता. तो कधी अमलात आलाच नाही, आणि २०२३ ला तो रद्दच केला. बघा, ज्या धंद्यात घरच्या माणसाला गिऱ्हाईक व्हायला मनाई असते, तिथे गिऱ्हाइकाचं काय होत असेल?

१०० रुपयांमागे २ रुपये ७० पैसे

आत मधोमध काचेखाली रूलेटचं चक्र फिरत होतं आणि भोवती आठ खुर्च्या, आठ स्क्रीन. चक्रावर ० ते ३६ असे एकूण ३७ आकडे असतात. एका आकड्यावर पैसे लावले आणि तोच आला, तर लावलेल्याच्या ३५ पट मिळतात, वर लावलेले पैसे परत.

आता हा हिशेब वहीत करून बघा. समजा तुम्ही सगळ्या ३७ आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. खर्च ३,७०० रुपये. एक आकडा तर येणारच. त्याचे ३,५०० मिळाले आणि त्या आकड्यावरचे १०० परत आले. हातात ३,६०० रुपये. म्हणजे नशिबाचा प्रश्नच ठेवला नाही, तरी १०० रुपये कॅसिनोकडे गेले. ३,७०० वर १००, म्हणजे शेकडा २ रुपये ७० पैसे.

लाल-काळ्यावर लावलं तरी तेच. लाल १८, काळे १८, आणि तो एक शून्य कॅसिनोचा. काही चक्रांवर दोन शून्यं असतात, तिथे हाच आकडा शेकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. कुठे चलाखी नाही, चक्रात लोहचुंबक नाही. फायदा नियमातच बसवलेला आहे.

मग एवढ्याशा मार्जिनवर धंदा चालतो कसा?

तुमचा वडापावचा गाडा आहे असं धरा. २० रुपयांना प्लेट, त्यात बेसन, बटाटा, पाव, तेल, गॅस मिळून १३ रुपये गेले, ७ सुटले. म्हणजे शेकडा ३५ रुपये. कॅसिनोला २ रुपये ७० पैसे. तुमची मार्जिन त्याच्यापेक्षा जवळपास १३ पट आहे! मग तुम्ही रडता आणि तो हसतो, असं का?

उत्तर आहे फेऱ्यांमध्ये. एका टेबलावर आठ माणसं, प्रत्येकाने दर डावाला १०० रुपये लावले, तासाला ४० डाव झाले असं समजू. तासाची उलाढाल ३२,००० रुपये. त्यातले सरासरी ८६४ कॅसिनोचे. असे २० तास चालवा, १७,२८० झाले. एका टेबलाचे, एका दिवसाचे.

यात कॅसिनोला कुणाचाही एक डाव जिंकायची घाई नसते. कुणी मोठं जिंकलं तर तो हसत अभिनंदन करतो. कारण त्याला ठाऊक असतं की आपण आज हजारो डाव खेळणार आहोत आणि हा माणूस पन्नास. पन्नास डावांत काहीही होऊ शकतं. हजारो डावांत ते २ रुपये ७० पैसे वर येतातच.

तुमच्या दुकानाचं गणितही हेच आहे. एका मोठ्या ऑर्डरची वाट बघत बसणारा दुकानदार खेळाडूच्या खुर्चीत बसलाय. रोज अडीचशे प्लेट विकून प्रत्येक प्लेटमागे ७ रुपये सुटतात हे माहीत असणारा मालकाच्या खुर्चीत बसलाय. धंदा एकच, खुर्ची वेगळी.

दुप्पट लावायचा सापळा

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. त्यांची पद्धत ठरलेली. लालवर १०० लावायचे. हरलो तर २००, परत हरलो तर ४००. "कधी ना कधी लाल येणारच, सगळं वसूल होऊन १०० वर सुटतात," असं त्यांनी मला मोठ्या प्रेमाने समजावलं.

ऐकायला बरोबर वाटतं ना? पण कॅसिनो डावावर कमाल मर्यादा ठेवतो. समजा ती ५,००० आहे. १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००. सहा वेळा हरलात की ६,३०० गेले, आणि सातव्याला ६,४०० लावायला परवानगीच नाही. सलग सहा वेळा हरायची शक्यता साधारण ५५ मध्ये एक. म्हणजे ५४ वेळा शंभर-शंभर मिळून ५,४०० जमतील आणि ५५ व्या वेळी ६,३०० जातील.

आता हसू नका. दिवाळीला आणलेला माल अंगावर पडला, म्हणून पुढच्या दिवाळीला कर्ज काढून दुप्पट माल भरणारे दुकानदार तुम्ही पाहिले नाहीत का? ही तीच पद्धत. फक्त इथे मर्यादा टेबलावर लिहिलेली नसते, ती बँक किंवा व्यापारी तुम्हाला ऐनवेळी सांगतो.

आणि दुसऱ्या बाजूने बघा. ही मर्यादा कॅसिनोने स्वतःच्या रक्षणासाठी ठेवली आहे. एका गिऱ्हाइकाच्या एका डावाने आपलं टेबल उलटं व्हायला नको, एवढाच विचार. तुमच्या उधारीच्या वहीत अशी मर्यादा आहे का? एका गिऱ्हाइकाकडे जास्तीत जास्त किती अडकू द्यायचे, हा आकडा ठरलेला आहे का? नसेल तर आज ठरवा.

'आता तर येणारच'

प्रत्येक टेबलाच्या वर एक बोर्ड असतो. मागचे आकडे, लाल किती, काळे किती. माणसं त्याकडे बघून ठरवतात, की पाच वेळा काळा आला, आता लाल येणारच. चक्राला मागचं काही आठवत नसतं. १८ ऑगस्ट १९१३ ला मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग २६ वेळा काळा आला होता. 'आता लाल येणारच' म्हणून लावणाऱ्यांचे त्या रात्री लाखो गेले.

धंद्यात हे वाक्य असं येतं: "तीन महिने मंदी गेली, आता सीझन लागणारच." का लागणार? लग्नसराई आहे, शाळा सुरू होतायत, शेतकऱ्याच्या हातात उसाचं बिल आलंय, असं कारण असेल तर माल भरा. फक्त 'बरेच दिवस झाले' हे कारण नव्हे.

१२,००० रुपये म्हणजे किती वडे?

आमच्यातला एक जण खरोखरच गाडा टाकणार होता. खेळायला त्याने २,००० वेगळे काढले होते. तासाभरात त्याचे ५,२०० झाले. स्क्रीनवर ते रुपये दिसत नाहीत, नुसता आकडा दिसतो, त्यामुळे हात मोकळा सुटतो. साडेदहापर्यंत आकडा शून्यावर आला. मग त्याचा हात दुसऱ्या खिशाकडे गेला. तिथे शेगडी आणि कढईसाठी आणलेले १२,००० होते.

मी त्याला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "एका प्लेटमागे किती सुटतात म्हणालास?"

"सात रुपये, दादा."

"मग बारा हजार म्हणजे किती प्लेटा?"

त्याने मोबाइलवर भाग दिला. १,७१४. दिवसाला अडीचशे विकल्या तर आठवड्याची मेहनत, तीही मदतनिसाचा पगार आणि जागेचं भाडं न धरता. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि मग उठला. बाहेर मांडवीच्या काठाला आल्यावर म्हणाला, "दादा, अजून दोन डाव मिळाले असते तर निघाले असते."

मी म्हटलं, "निघालेही असते. मग शेगडी कधीच घेतली नसतीस."

हरलेला पैसा वहीतही मिळत नाही

बहुतेकांना ही बाजू माहीत नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. जिंकलात तर त्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर, वर सेस. त्यातून खर्च वजा होत नाही. आणि हरलात तर ते नुकसान कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

दुकानात तोटा झाला तर मात्र, हिशेब नीट ठेवला आणि रिटर्न वेळेत भरलं, तर तो तोटा पुढच्या ८ वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. धंद्यातल्या तोट्यातून माल उरतो, ओळखी उरतात, अनुभव उरतो, कायदाही थोडा हात देतो. टेबलावरच्या तोट्यातून काही उरत नाही.

कॅसिनोकडून काय घेऊ नका

तिथे भिंतीवर घड्याळ दिसलं नाही, खिडकी नव्हती. जिंकलं की मशीन वाजतं, हरलं की गप्प राहतं. त्यामुळे सगळ्या हॉलमध्ये कायम कुणीतरी जिंकतंय असंच वाटतं. हे सगळं गिऱ्हाइकाला हिशेब विसरायला लावण्यासाठी आहे.

आपलं दुकान असं चालत नाही. आपलं गिऱ्हाईक बसने येणारा पर्यटक नाही. ते गल्लीतलं आहे, उद्या सकाळी पुन्हा समोर येणार आहे. त्याला घरी जाऊन हिशेब केल्यावरही 'बरोबर पैसे दिले' असं वाटलं पाहिजे. मार्जिन कॅसिनोसारखी ठरलेली ठेवा, पण ती गिऱ्हाइकाच्या विसरण्यावर उभी करू नका.

आजचा गृहपाठ

रात्री दुकान बंद केल्यावर वही काढा आणि तीन आकडे लिहा.

१. १०० रुपयांच्या विक्रीमागे माझ्याकडे नक्की किती उरतात?

२. दिवसाला अशा किती विक्री झाल्या, की भाडं, पगार, लाइट बिल आणि हप्ता निघतो?

३. एका गिऱ्हाइकावर, एका मालावर, एका सीझनवर मी जास्तीत जास्त किती लावणार? त्याच्या वर एक रुपयाही नाही.

दुकान अजून सुरू केलं नसेल तर अंदाजाने लिहा, आणि मग तसाच धंदा करणाऱ्या दोघांना दाखवून दुरुस्त करून घ्या. भांडवल कमी पडत असेल तर धंदा लहान करा. तीन लाखांचं दुकान जमत नसेल तर दीड लाखाचा गाडा टाका, आणि उरलेले दीड लाख त्या गाड्याकडून कमवून घ्या. वेळ लागेल, पण तो वेळ तुमच्या बाजूने काम करत असेल.

वही भरली की कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!