कोठाराचें दार आणि बिनतारी दिवा

शेतकऱ्याच्या घरांत सर्वांत अंधारी जागा कोणती, असें विचारल्यास कोणीही कोठाराकडेच बोट दाखवील. धान्यास ओल लागूं नये, उंदीर-घुशी आंत शिरूं नयेत, चोराची नजर पडूं नये, म्हणून कोठारास खिडकी ठेवावयाची नाहीं. ठेवलीच तर आढ्यालगत लहानसा झरोका, ही आपली जुनी रीत. सेलू तालुक्यांतील माळवदी घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, ठेंगणें दार, उंच उंबरा आणि आंतील भर दुपारचा काळोख यांचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. या काळोखानें धान्य सुरक्षित राहतें हें खरें. परंतु धान्य काढावयास जाणारें माणूस कितपत सुरक्षित असतें, हा विचार आपण क्वचितच करतों. आम्हीही तो केला नव्हता. एका रात्रीं तो करणें भाग पडलें.

गेल्याच्या आदल्या वर्षीं श्रावणांत दिवेलागणीनंतर आमच्या मातोश्री म्हशीसाठीं सरकी काढावयास कोठारांत गेल्या. एका हातांत घमेलें होतें, दुसऱ्या हातानें त्यांनीं कडी काढली. दिव्याचें बटण आंतल्या अंगास, दारापासून तीन पावलांवर. पूर्वीं घरांत वीज घेतली तेव्हां वायर तेथपर्यंतच पुरली, म्हणून तें तेथें बसविलेलें. उंबरा ओलांडून त्या पाऊल टाकणार तोंच पोत्याआडून कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार झाला. त्या मागें सरल्या, घमेलें खाली पडलें, आणि त्या वांचल्या. कंदील आणून पाहतों तों घोणस वेटोळें घालून बसलेली. घोणस निदान सूचना तरी देते. तिच्या जागीं मण्यार असती तर तिनें तीही दिली नसती. मण्यारीचा दंश पुष्कळदां इतका अल्प वेदनेचा असतो कीं, तो झाल्याचें कळतही नाहीं.

हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नव्हे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं. म्हणजे दरसाल सरासरी ५८,००० माणसें. यांतील बहुतेक खेड्यांतील असून निम्मे मृत्यु पावसाळ्यांतील आहेत. हे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें जाहीर केला. सरकारनें औषधाची तरतूद करावी हें योग्यच. पण पाऊल कोठें पडतें हें पाहण्याचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे, आणि पाहावयाचें तर उजेड हवा.

येथें कोणी म्हणेल कीं, बटण बाहेर घ्यावें म्हणजे झालें. तो उपाय चांगला आहे, व ज्यांस तो साधेल त्यांनीं तोच करावा. आमच्याकडे मात्र जुन्या भिंतींतून नवी वायर नेली ती दोन महिन्यांत उंदरांनीं कुरतडली. शिवाय दोन्ही हात गुंतलेले असले म्हणजे बाहेरचें बटणही दाबावयाचें राहून जातें. रात्रभर दिवा जळत ठेवावा, तर त्यावर किडे येतात, किड्यांमागें पाली व बेडूक, आणि बेडकांमागें तोच पाहुणा. म्हणून दार उघडतांच आपोआप लागावा व कांहीं वेळानें आपोआप विझावा, असा दिवा आम्ही शोधूं लागलों.

हें यंत्र कसें चालतें

बाजारांत ‘डोअर सेन्सर’ या नांवानें मिळणाऱ्या या यंत्राचे तीन भाग असतात: एक लोहचुंबक, एक प्रेषक आणि एक ग्राहक. चुंबक दाराच्या फळीवर बसवावयाचा, प्रेषक चौकटीवर, आणि ग्राहक दिव्याच्या जोडणींत. प्रेषकाच्या पोटांत बहुधा कांचेची एक बारीक नळी असते. नळींत लोह व निकेल यांच्या मिश्रणाच्या दोन पात्या असतात. त्यांचीं टोकें एकमेकांवर येतात, पण मध्यें केसाएवढी फट राहते. जवळ चुंबक आला कीं पात्या एकमेकींस चिकटतात. दूर गेला कीं सुटतात. नळी दोन्ही टोकांस बंद असल्यानें धूळ व दमट हवा आंत जात नाहीं. ही युक्ति १९३६ सालीं अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत वॉल्टर एल्वुड यांनीं काढली, आणि टेलिफोनच्या कामासाठीं निघालेली ती युक्ति आज आपल्या कोठाराच्या दारास उपयोगी पडते.

दार उघडलें कीं पात्या सुटतात, प्रेषक जागा होतो आणि आपला ठराविक सांकेतिक आंकडा बिनतारी लहरींवर सोडून पुन्हां निजतो. ग्राहक तो आंकडा ओळखतो व दिवा लावतो. शेजाऱ्याच्या यंत्राचा आंकडा निराळा असल्यानें त्याचें दार उघडल्यानें आपला दिवा लागत नाहीं. या लहरी भिंतीपलीकडे जातात याचें नवल वाटावयास नको. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीं अशाच लहरी भिंतींपार पाठवून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. मात्र मातीची जाड भिंत त्यांचा जोर कमी करते, आणि लोखंडी पत्रा तर त्यांस अडवितोच, हें ध्यानांत ठेवावें.

कोणतें घ्यावें

या यंत्रांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गांत प्रेषक थेट ग्राहकाशीं बोलतो. दुसऱ्या वर्गांत निरोप आधीं एका मध्यस्थ पेटीकडे, आणि कित्येक जातींत तेथून इंटरनेटवर जाऊन परत येतो. दुसऱ्या वर्गाच्या यंत्रानें दार उघडल्याची वर्दी मोबाइलवर मिळते ही सोय आहे. पण इंटरनेट बंद पडलें म्हणजे दिवाही रुसण्याचा संभव असतो. कोठारासाठीं आम्ही थेट वर्गाचें यंत्र पसंत केलें. कांहीं स्वस्त प्रेषक दार उघडल्याचेंच कळवितात, मिटल्याचें कळवीत नाहींत. म्हणून ठराविक मिनिटांनीं आपोआप बंद होणारा ग्राहक मागून घ्यावा. दार मिटतांच दिवा विझविणारें यंत्र तर कोठारास मुळींच योग्य नाहीं. वाऱ्यानें दार लोटलें गेलें तर आंतील माणूस अंधारांत सांपडेल. आम्ही आमचा काळ दहा मिनिटांचा ठेवला आहे.

बसविण्याची रीत

पहिली गोष्ट, जागेची. बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूस, दाराच्या वरच्या कोपऱ्यांत यंत्र बसवावें. तेथें फळी थोडी उघडली तरी अंतर लवकर वाढतें, आणि पोत्यांचा धक्काही लागत नाहीं. दुपाखी दार असल्यास जी फळी नेहमीं आधीं उघडते, तिच्यावरच चुंबक लावावा. आमच्या चौकटीस कोरीव गणेशपट्टी आहे. तिला भोक पाडावयास वडीलधाऱ्यांची मनाई होती, म्हणून तिच्याखालीं सागाची एक पट्टी ठोकून तिच्यावर प्रेषक बसविला.

दुसरी, अंतराची. दार मिटलेलें असतां चुंबक व प्रेषक यांवरील खुणा समोरासमोर याव्यात, आणि मधील फट एक सेंटिमीटरहून कमी असावी. कारखानदार याहून अधिक अंतर चालेल असें सांगतात, पण जुन्या दारास कांहीं शिल्लक हातीं ठेवलेली बरी.

तिसरी, पक्केपणाची. सोबत मिळणाऱ्या चिकटपट्टीवर विसंबूं नये. चुन्याच्या वा धुळीच्या पृष्ठभागावर ती धरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत पारा ४२ अंशांपलीकडे गेला कीं उरलासुरला चिकटपणाही जातो. दोन बारीक स्क्रू मारावेत.

चौथी, लोखंडी दारांची. लोखंड चुंबकाचा जोर आपल्याकडे ओढून घेतें. पत्र्याच्या दारावर चुंबक थेट न लावतां मध्यें इंचभर जाडीचा लांकडी ठोकळा घालावा, अथवा लोखंडी दारांसाठींच निघालेलें मोठें यंत्र घ्यावें.

पांचवी, ग्राहकाची. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें, व तेंही मुख्य बटण बंद करून. ग्राहकानें फेजची तार तोडली-जोडली पाहिजे, न्यूट्रलची नव्हे. नाहींतर विझलेल्या दिव्यांतही विजेचा धक्का राहतो. ग्राहक लोखंडी डब्यांत कोंडूं नये. जुनें हाताचें बटण काढून टाकूं नये; तें ग्राहकाशीं समांतर जोडावें, म्हणजे दोहोंपैकीं कोणत्याही एकानें दिवा लागतो. घरीं इन्व्हर्टर असल्यास दिवा व ग्राहक दोन्ही त्यावर घ्यावेत, कारण वीज गेलेली रात्र हीच धोक्याची रात्र. आणि कोठारांत कापूस असेल तर दिवा एलईडीचा, झांकणबंद व कापसाच्या ढिगापासून दूर असावा. भाव येईपर्यंत घरांत सांठविलेल्या कापसास एक ठिणगी पुरते.

खर्चाचा हिशेब

नऊ वॅटचा दिवा रोज बारा तास जाळला, तर महिन्यास सव्वातीन युनिटें होतात. तोच दिवा रोज तीन वेळां दहा-दहा मिनिटें लागला, तर महिन्यास अर्धपाव युनिटाहून थोडें अधिक लागतें. परंतु ग्राहक स्वतः अहोरात्र जागा असतो. त्याचा एक वॅट धरला तरी महिन्यास पाऊण युनिट होतें. तेव्हां विजेच्या बचतीसाठीं हें यंत्र घ्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. बचत आहे ती पायांची. प्रेषकांतील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी साधारण वर्षभर चालते. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हातीं पडूं देऊं नये. ती गिळली गेल्यास अन्ननलिका जळून जीवावर बेततें.

आमची चूक

आतां जी गोष्ट सांगावयाची तिच्यासाठींच हा लेख लिहिला आहे. यंत्र बसविल्यावर वर्षभर तें उत्तम चाललें. मातोश्री तर दाराची कडी काढून, दिव्याकडे न पाहतांच आंत शिरूं लागल्या. पुढील पावसाळ्यांत एका संध्याकाळीं त्या नेहमींप्रमाणें आंत गेल्या, आणि दिवा लागलाच नाहीं. सुदैवानें आंत कांहीं नव्हतें.

कारण शोधतां तें आमच्या काळ्या मातीतच सांपडलें. ही माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्याबरोबर पाया हलतो, आणि पायाबरोबर चौकट. चौकट अर्धें बोट कलली होती. दार मिटलें तरी चुंबक पुरेसा जवळ येईना, म्हणून प्रेषकाच्या लेखीं दार सदा उघडेंच. मग तें खरोखर उघडलें तरी कळवावयास नवें कांहीं नव्हतें! यंत्र बिघडलें नव्हतें. बॅटरी भरलेली होती. पण तें मुकाट्यानें निरुपयोगी झालें होतें. जो रखवालदार झोपल्याचें आपणांस कळत नाहीं, तो नसलेल्या रखवालदाराहून अधिक घातक.

चुंबकाखालीं पातळ पट्टी घालून आम्ही अंतर जुळविलें, आणि घरांत दोन नियम केले. पहिला: दर अमावास्येस, बैलांस विसांवा असतो त्या संध्याकाळीं, घरांतील एकानें दार उघडून दिवा लागतो कीं नाहीं हें पाहावें, आणि खंडेनवमीस औजारांची पूजा करतांना बॅटरी बदलावी. दुसरा नियम मातोश्रींनीं स्वतःच केला, व तो आम्हांस सर्व यंत्रापेक्षां मोलाचा वाटतो: “आधीं दिवा, मग पाऊल.” दार उघडून उंबऱ्याबाहेरच थांबावयाचें, दिवा लागला तरच आंत जावयाचें, न लागला तर विजेरी आणावयाची.

दोन सूचना करून हा लेख संपवितों. पेव उघडतांना या दिव्याचा आधार धरूं नये. पेवांत कोंडलेली दूषित हवा उजेडांत दिसत नाहीं. तें पुरतें वारा खाईपर्यंत कोणीही आंत उतरूं नये. आणि एवढें करूनही दंश झालाच, तर जखम कापणें, चोखणें, करकचून बांधणें यांत क्षणही न दवडतां, रोग्यास हालचाल करूं न देतां, १०८ क्रमांकावर वाहन बोलावून सरकारी रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषांवर चालणारी लस तेथें मिळते. मांत्रिकाकडे ती नाहीं.

मातोश्री आतां सरकी काढावयास जातात तेव्हां उंबऱ्याशीं क्षणभर थांबतात. दिवा लागतो, त्या कोपरेन् कोपरा न्याहाळतात, आणि मगच पाऊल उचलतात. आमच्या शेतकरी बंधूंनीं यंत्र घ्यावें वा न घ्यावें. हें थांबणें मात्र अवश्य घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.