गेंडा की गेंडासदृश?

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला एक हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरं दाटीवाटीने बसवलेली. जवळ उभं राहून नुसत्या रेघा दिसतात. शोधनिबंधात याला म्हणायचं काय?

'कातळशिल्प' हा शब्द रुळलाय. पण शिल्प म्हटलं की घडवलेली मूर्ती डोळ्यांसमोर येते. इथे तर सपाट जांभ्यात खोदलेल्या रेषा, क्वचित थोडा उठाव. चित्र म्हणावं तर रंग नाही. रत्नागिरीतल्या शोधकांनी म्हणून 'कातळ-खोद-चित्र' असाही शब्द वापरला. बोजड खरा, पण तिन्ही तुकडे प्रामाणिक. इंग्रजीतही पंचाईतच. खडकावर कोरलेलं ते पेट्रोग्लिफ, जमिनीवरची भव्य आकृती ती जिओग्लिफ. आणि सड्यावर खडक हीच जमीन! युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली ही ठिकाणं गेली ती 'जिओग्लिफ' म्हणून. मी 'कातळशिल्प'च लिहितो, फक्त ते कशाला म्हणतोय हे पहिल्या पानावर सांगून टाकतो.

नावापेक्षा जास्त घात करतं क्रियापद. परवा एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात वाक्य होतं : 'सदर आकृतीवरून या परिसरात गेंड्याचे वास्तव्य असल्याचे सिद्ध होते.'

"तू पाहिलंस काय?"

"सर, चार पाय, नि नाकावर शिंगासारखं काहीतरी."

"मग तेच लिही की!"

'गेंडासदृश आकृती आढळते' एवढं लिहिलं की पुरे. कोरणाऱ्याने गेंडा इथेच पाहिला, दूर कुठे पाहिला की नुसता ऐकला, हे रेघ सांगत नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध मानवाकृती आहे. तिला कुणी 'पशुपती' म्हटलं, तर अख्खी सिंधू संस्कृती एका शब्दावर बसून कोकणात उतरते. 'अश्मयुगीन'चंही तेच, कातळावरच्या रेघेचं वय थेट मोजणं फार अवघड.

आणि जड शब्द म्हणजे नेमका शब्द, हा समज कुठून आला कोण जाणे. बुकानन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये या कातळाचं 'लॅटेराइट' हे नाव लॅटिनमधल्या विटेवरून पाडलं. चिरे काढणाऱ्या कोकणाकडे 'जांभा' आहेच, आणि भूगोलाच्या पुस्तकांनीही तोच घेतला.

"सर, सड्याला 'पठार' लिहू?"

"पठार दख्खनचंही असतं. सडाच लिही, आणि पुढे एक ओळ घाल : जांभ्याचा उघडा, सपाट माळ."